हिलाल आप्पा आणि अ-४३

हिलाल आप्पा कुणालाही 'कसं काय, बरं आहे ना' असं विचारत नाही. तो विचारतो, "रातले काय खादं?" आणि त्याचं उत्तर मिळालं की लगेच, "मंग सकायले?" पहिल्या प्रश्नाला माणसं हसून उत्तर देतात. दुसऱ्याला इकडेतिकडे बघतात. आप्पा मात्र उत्तराची वाट बघत उभा राहतो. हे प्रश्न तो बसच्या कंडक्टरला विचारतो, बँकेतल्या बाईंना विचारतो. शहाद्याच्या एका लग्नात आहेराचं पाकीट घेऊन तो स्टेजवर चढला आणि त्याने ते नवरदेवाला विचारले. त्या फोटोत नवरी हसते आहे आणि नवरदेव मांडवाच्या छताकडे बघतो आहे.

दीड वर्षापूर्वी माझी बायको नलिनी गेली. तिसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. ओसरीत पंधरा-वीस माणसं माना खाली घालून बसली होती. आप्पा माझ्यासमोर येऊन बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मास्तर, रातले काय खादं?"

"काही नाही."

"मंग सकायले?"

माझा मोठा मेहुणा उठून अंगणात गेला. त्या तीन दिवसांत मला उत्तर देता येईल असा तेवढाच एक प्रश्न कुणी विचारला होता, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. त्या वेळी मला त्याचा रागच आला. तसा तो मला आधीपासूनच यायचा, आणि त्या रागाला राग म्हणणं हा सभ्यपणा झाला. तो हेवा होता.

आमचं काम काय ते आधी सांगतो. नाहीतर हा माणूस चक्रम वाटेल. तो चक्रम आहेच, पण त्याचा चक्रमपणा आमच्या कामातून वाढलेला आहे. नंदुरबारला विद्यापीठाची एक लहानशी प्रयोगशाळा आहे. दोन खोल्या, चार टेबलं आणि एक फ्रीझर, ज्याच्या आत उणे ऐंशी अंश थंडी असते. आम्ही माणसांच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करतो. सातपुड्यातल्या माणसाच्या पोटात कोणते राहतात, तापीकाठच्या माणसाच्या पोटात कोणते राहतात, आणि खाणं बदललं की कोण निघून जातं, हा आमचा विषय. त्यासाठी लागते ती माणसांची सकाळची विष्ठा, एका छोट्या ट्यूबमध्ये, चमच्याएवढी. सोबत तीन दिवसांच्या खाण्याचा फॉर्म. ट्यूबवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. डोंगरातल्यांना 'अ', सपाटीवरच्यांना 'ब', आणि तुलनेसाठी आम्ही प्रयोगशाळेतली माणसं आणि आमच्या घरची माणसं, म्हणजे 'क'. कुठला क्रमांक कुणाचा, हे लिहिलेली वही माझ्या खणात कुलपात असते. मी नोंदी ठेवतो. त्याआधी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. आयुष्यात एक तासही शिकवलेलं नाही, पण हातात सदा पुस्तक असतं म्हणून आप्पा मला मास्तर म्हणतो, आणि आता बाहेरची माणसंही म्हणतात.

देवरे मॅडम आमच्या प्रमुख. रोशनी पाडवी ही तळोद्याची मुलगी त्यांच्याकडे पीएच.डी. करते. आणि हिलाल आप्पा नमुने गोळा करतो. वय चोपन्न, गाव कोरीट, लग्न केलेलं नाही. पूर्वी तो एका सरकारी योजनेत तापाच्या तपासणीसाठी गावोगाव रक्ताचे थेंब घेत फिरायचा. "आधी रगत मांगू, आते हाई मांगस," असं तो बढती मिळाल्यासारखं सांगतो. त्या दिवसांतली त्याची आवडती गोष्ट एका सहकाऱ्याची. त्या गृहस्थाला उन्हात फिरायचा कंटाळा होता. तो झाडाखाली बसायचा, स्वतःचंच बोट टोचायचा आणि दहा काचांवर दहा नावं लिहायचा. एकदा नेमका त्यालाच ताप होता. अख्ख्या गावाला गोळ्या खाव्या लागल्या. ही गोष्ट सांगताना आप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो.

विष्ठा कशी आहे हे ठरवायला आमच्याकडे सात चित्रांचा एक तक्ता असतो. घट्टपासून पातळपर्यंत. आप्पाने त्या सातांना नावं देऊन टाकली आहेत. लेंडी, शेंग, कणीस, केळं, भजी, पिठलं, कढी. चौथं उत्तम. ही नावं इतकी रुळली की एकदा बाहेरून आलेल्या मोठ्या पाहुण्यांसमोर मॅडम बोलता बोलता म्हणून गेल्या, "या पाड्यांत केळ्यांचं प्रमाण समाधानकारक आहे." पाहुण्यांनी केळी तिथे पिकतात की बाहेरून येतात, असं विचारलं. आमच्याकडे डब्यात कढी आणायची पद्धत तेव्हापासून बंद झाली आहे.

धडगावहून येणाऱ्या जीपमध्ये तो बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसतो. शेजारचा हमखास विचारतो, "काय शे आप्पा, मासा?" आप्पा गंभीरपणे म्हणतो, "जेवन व्हतं. आते पुढली पायरी शे." शेजारचा जरा वेळ विचार करतो आणि पुढच्या थांब्याला टपावर जाऊन बसतो.

आता माझं सांगतो. मनुष्यबळ कमी होतं म्हणून नमुने गोळा करण्याच्या पहिल्या फेरीत मॅडमनी मलाही तळोद्याकडच्या एका गावात पाठवलं. मी संमतीपत्र स्वच्छ मराठीत वाचून दाखवलं. सूक्ष्मजीवांचं वैविध्य म्हणजे काय ते समजावलं. माणसं नम्रपणे ऐकत होती. नमुन्याच्या वीस डब्या वाटल्या, तीन परत आल्या. त्यांतली एक रोशनीने उघडली, वास घेतला आणि म्हणाली, "सर, ह्यात ओवा आहे." कुणीतरी बेसन कालवून दिलं होतं.

त्याच आठवड्यात आप्पा वीस डब्या घेऊन गेला आणि वीस भरलेल्या घेऊन आला. वर एक कोंबडी आणि दोन दुधी भोपळे. मी त्याला विचारलं, कसं काय जमतं. तो म्हणाला, "मी सांगस, तुम्हना पोटमा एक गाव शे. तठे कोन कोन ऱ्हास ते मोजानं शे. गाव म्हटलं का मानूस ऐकस, मास्तर. वैविध्य म्हटलं का उठी जास."

ते मला मनापासून लागलं. कारण ते खरं होतं आणि मला सुचलं नव्हतं.

नलिनीलाही तो आवडायचा. ती आणि मी दोघंही 'क' गटात होतो, त्यामुळे फॉर्म भरून घ्यायला तो आमच्या घरी यायचा आणि जेवूनच जायचा. नलिनी त्याच्यासाठी कळण्याची भाकरी करायची, ठेचा वाटायची. फॉर्मवर तीन प्रश्न असायचे, पण त्याला तीन तास लागायचे. स्वयंपाकघरातून तिच्या हसण्याचा आवाज यायचा. माझ्या विनोदांवर नलिनी हसली नाही असं नाही. पण ती मला बरं वाटावं म्हणून हसायची, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती त्याच्याशी अहिराणीत बोलायची. माझ्याशी ती लग्नानंतर पुस्तकी मराठीत बोलायला लागली, कारण मीच तिला तशी सवय लावली होती. बाविसाव्या वर्षी मला ते फार सुसंस्कृत वाटलं होतं. पुढे बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडं धरून मी माझ्या बायकोची अहिराणी भिंतीपलीकडून ऐकत बसायचो.

ती गेल्यावर हा हेवा जाईल असं मला वाटलं होतं. तो वाढला. घरी मी एकटा जेवायचो, म्हणजे काहीतरी गिळायचो, आणि आप्पा सांगायचा, "आम्हना घरमा बावीस मानसे. पंगतच बसस." डोंगरात गेला की प्रत्येक दारात त्याच्यासाठी बाज टाकली जायची. या माणसाला जगाने जेवायला घालायचं ठरवलं आहे आणि मला नाही, असा माझा समज झाला. शोक माणसाला मोठं करतो असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं. मला त्याने शेजारच्या ताटात डोकावायला शिकवलं.

गेल्या हिवाळ्यात तिसरी फेरी झाली. निकाल आले तेव्हा रोशनीने त्यांचं चित्र काढून भिंतीला लावलं. हे चित्र झाडासारखं असतं. प्रत्येक नमुना म्हणजे एक पान. ज्या दोन पोटांतलं गाव सारखं, ती दोन पानं एका डहाळीवर येतात. डोंगरातली पानं एका बाजूला, सपाटीची दुसऱ्या बाजूला. डोंगराच्या बाजूला एक भलतंच पान होतं. अ-४३ आणि क-७ एकाच डहाळीवर, अगदी चिकटून.

"सर, हे दोन एवढे सारखे कसे?" रोशनी म्हणाली. "एकाच माणसाचे दोनदा गेले की काय?"

मी खण उघडून वही बघितली. अ-४३ म्हणजे जेमलीबाई, धडगावच्या पुढच्या एका पाड्यावरची म्हातारी, घरात एकटी. क-७ म्हणजे हिलाल आप्पा.

मला लगेच ती झाडाखाली बसून टोचलेल्या बोटाची गोष्ट आठवली. म्हातारीने नमुना दिला नसेल, किंवा हा तिथवर गेलाच नसेल. स्वतःचाच दोन ट्यूबांत भरला आणि एकीवर तिचा क्रमांक टाकला. वीसच्या वीस डब्या भरून येण्याचं रहस्य मला सापडलं होतं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात दोन पानांचं टिपण लिहून मी मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"चौधरी, खात्री आहे?"

"झाड सांगतंय, मॅडम."

"हे खरं निघालं तर आप्पाची नोकरी जाईल. आणि एक ट्यूब खोटी म्हणजे त्या पाड्याच्या सगळ्याच संशयात. तीन फेऱ्या वाया."

"हो."

"तुम्ही स्वतः जा. रोशनीला न्या, तिला तिकडचं बोलणं कळतं. म्हातारीला भेटा, तिचा फॉर्म पडताळा. आप्पाला कारण सांगू नका."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. तळोद्याला जीप बदलली. घाट चढताना आप्पा रोशनीला म्हणाला, "पोरी, काय खादं रातले?"

"मॅगी, आप्पा."

"तुन्हा पोटमातला गावना लोके गाव सोडी जातीन," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. तिच्यात गोडेतेलाची बाटली, चहाची पूड, गुळाची ढेप आणि बाईमाणसाच्या मापाची एक स्लिपरची जोडी दिसत होती. मी मनात नोंद केली, लाच.

पाड्यावर पोचल्यावर त्याने आम्हाला दुसऱ्याच घरांकडे न्यायला सुरुवात केली. मी म्हणालो, आधी अ-४३.

"तिना घर लांब शे, मास्तर. टेकाडवर. म्हतारी शे, तिले आते कसाले तरास?"

"लांब असू दे."

"तुम्हना गुडघा दुखस ना?"

"आज नाही दुखत."

तो पुढे चालू लागला. टेकाडावरच्या एका झोपडीतून एक कुत्रं धावत सुटलं. मला वाटलं चावणार. ते सरळ आप्पाच्या पायांत जाऊन लोळायला लागलं. आप्पाने त्याला लाजून दूर ढकललं.

दारात जेमलीबाई उभी होती. बारीक, काळी, एक डोळा अर्धा मिटलेला. तिने माझ्याकडे आणि रोशनीकडे पाहिलंच नाही. कुडाच्या भिंतीवर आमचा सात चित्रांचा तक्ता खिळ्याला लटकवलेला होता, धुराने पिवळा झालेला. ती त्याच्याशी गेली आणि बोटाने त्यावर टकटक केलं. मग आप्पाकडे बघत राहिली.

आप्पा म्हणाला, "आते नको, मावशी. लोके शेतस."

तिने पुन्हा टकटक केलं.

जिल्ह्यातल्या हजार माणसांना सकाळचं विचारणारा हा माणूस खाली मान घालून पुढे झाला आणि त्याने पाचव्या चित्रावर बोट ठेवलं. म्हातारी तिकडच्या पावरी बोलीत काहीतरी फटाफट बोलली. रोशनीने तोंडावर ओढणी घेतली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, हॉटेलात खाल्लं असशील. आणि गेल्या शनिवारी का नाही आलास."

पुढचं सगळं जेमलीबाईने सांगितलं आणि रोशनीने मला तुकड्या-तुकड्यांनी मराठीत दिलं. पहिल्या फेरीत आप्पा या पाड्यावर आला तेव्हा त्याचं स्वतःचंच पोट बिघडलं. तीन दिवस कढी. जीपपर्यंत चालायची ताकद नव्हती. म्हातारीने त्याला घरात झोपवलं, पेज पाजली. त्याने तिला द्यायला आणलेला तक्ता तिने भिंतीवर लावला आणि रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहून, आज कोणतं, ते बोटाने दाखवायला लावलं. चौथ्या चित्रावर बोट जाईपर्यंत तिने त्याला सोडलं नाही. तिचा मुलगा गुजरातेत कामाला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून आप्पा दर शनिवारी येतो आणि रविवारी दुपारी जातो. येताना तेल-मीठ आणतो, छपराची कौलं शाकारतो. भांडतो पण, असं ती म्हणाली.

"कशावरून?"

रोशनीने विचारलं. "म्हणते, हा भाकरी मोजून खातो. लाजतो."

मग जेवण झालं. मला आणि रोशनीला तिने वेगवेगळी ताटली दिली. पाहुणे ना. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ. आपल्यासमोर तिने एकच मोठी थाळी ठेवली आणि समोर आप्पा बसला. दोघं एकाच थाळीत, एकाच डाळीत बोटं बुडवून खात होते. मधेच ती आपल्या बाजूची भाकरी त्याच्याकडे सरकवत होती, आणि तो परत ढकलत होता. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. सवयीचं काम असावं तसं ते चाललं होतं.

मी घास हातात धरून बसलो होतो. एका डहाळीवरची दोन पानं माझ्यासमोर जेवत होती. एका चुलीवरचं, एका थाळीतलं, एका माठातलं आठवड्यामागून आठवडे पोटात गेलं की दोन पोटांतली गावं सारखी व्हायला लागतात. हे मला कळायला हवं होतं. पहिल्या फेरीच्या चित्रात नलिनीचं आणि माझं पान असंच चिकटून होतं. मॅडम तेव्हा म्हणाल्याही होत्या, "चौधरी, तुमच्या घरी दोन भाज्या होत नाहीत वाटतं." भिंतीवरचं ते झाड बघून साऱ्या प्रयोगशाळेत सगळ्यात आधी हे मला सुचायला हवं होतं. पण मला आठवलं ते टोचलेलं बोट. तिसऱ्या फेरीत माझं पान कुठे गेलं आहे, हे मी शोधलंसुद्धा नव्हतं.

हात धुतल्यावर मी जेमलीबाईचा फॉर्म काढला. त्यावर एक प्रश्न आहे, या चुलीवर किती जण जेवतात. आप्पाच्या अक्षरात तिथे 'एक' लिहिलेलं होतं. तिन्ही फेऱ्यांत.

"आप्पा, हे चूक आहे."

"माले मालूम शे."

"मग?"

तो अंगणात उकिडवा बसला. "दोन लिखं तं तिनं नाव कटी जाई. आपला मानूस जठे जेवस, ते घर चालत नही. नियम शे. लिखू नका, मास्तर."

"नाव कटलं तर काय होतं? तिला काय पैसे मिळतात का?"

"तिले काय व्हस? काहीच नही." तो कुत्र्याच्या कानाशी खेळत राहिला. "मंग मी आठे कसाले येऊ? कोन लागस मी तिना?"

"असंच यायचं."

"असंच कोनी कोनाकडे येत नही, मास्तर. तुम्हना घर बी मी फारम लिसनच येऊ."

"आणि कोरीटला? बावीस माणसं आहेत ना घरात?"

"शेतस ना. मन्हं ताट झाकीसन ठेवतस. भाऊना पोरे चांगला शेतस, काही म्हनत नही." आणि तो पुन्हा म्हणाला, "काहीच म्हनत नही."

या ठिकाणी एखाद्या चांगल्या माणसाने फॉर्म घडी करून खिशात ठेवला असता. मी बराच वेळ पेन धरून बसलो. खोटा आकडा ठेवला तर मॅडमसमोर ती दोन पानं खोटीच ठरणार होती, आणि आप्पा चोर. खरा लिहिला तर तो चोर ठरत नव्हता, पण त्याची वाट बंद होत होती. हे सगळं मी तोललं, हे खरं. पण मनाच्या तळाशी, याचे शनिवार बंद होतील, हा एक बारीकसा आनंदही होता. तोही लिहून ठेवतो. मी 'एक' खोडून 'दोन' केलं आणि बाजूला सही केली. आप्पाने ते पाहिलं आणि पिशवीतून स्लिपर काढून दारात ठेवल्या.

सोमवारी मॅडमनी सगळं ऐकलं. पाड्याचे बाकीचे नमुने ठेवायचं ठरलं. अ-४३ आणि क-७ अभ्यासातून वगळायचे ठरले. आप्पाची नोकरी राहिली. लेखी समज मिळाली, ती त्याने माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाला, "चांगलं लिखेल शे." तो पाडा मात्र त्याच्याकडून काढून घेतला आणि माझ्याकडे दिला.

पुढचे तीन शनिवार आप्पा प्रयोगशाळेत बसून होता. शनिवारी काम नसतं. तो रिकाम्या पेट्या पुसायचा, त्यांची झाकणं लावून बघायचा, पुन्हा काढायचा. मला एवढंच म्हणता आलं असतं, आप्पा, जा. तिथे जायला फॉर्म लागत नाही. मी पुस्तक वाचत होतो. कुणालाही तो प्रश्न विचारताना मी त्याला त्या दिवसांत ऐकलं नाही.

चौथ्या आठवड्यात मी डब्या घेऊन पाड्यावर गेलो. या वेळी मी वैविध्य म्हटलं नाही, गाव म्हटलं. माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाने विचारलं, आप्पा कुठे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकही डबी भरून आली नाही. मी परत निघालो तेव्हा टेकाडावरून जेमलीबाई खाली आली. पायात त्या स्लिपर होत्या. प्रत्येक घरी आम्ही एक जादा डबी ठेवतो. ती तिने पळसाच्या पानात गुंडाळून, वर दोरा बांधून माझ्या हातात दिली आणि खाली, सपाटीच्या दिशेला बोट दाखवलं. मी म्हणालो, "मावशी, तुमचं नाव आता अभ्यासात नाही." तिला मराठी कळत नव्हतं. तिने पुन्हा तिकडेच बोट दाखवलं, आणि मी नीट नेईन की नाही अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

जीपमध्ये पेटी माझ्या मांडीवर होती. आत तेवढी एकच डबी. शेजारच्याने विचारलं, मासा आहे का. मला आप्पासारखं उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, "पोचवायचं आहे एकांना."

प्रयोगशाळेत रोशनीने डबीवर क्रमांक शोधला. "सर, ही कशावर नोंदवू?"

"नोंदवायची नाही. आप्पाची आहे."

आप्पाने दोरा सोडला, पान बाजूला ठेवलं, डबी खिडकीशी उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिला. एखाद्याला घरून पत्र आलं की तो जसा सगळ्यांकडे पाठ करून वाचतो, तसा तो पाठ करून उभा होता.

"पिठलं शे," तो म्हणाला. "जेवी नही ऱ्हायनी ती."

त्याने हात धुतले आणि माझ्याकडे रजेचा कोरा अर्ज मागितला. आप्पाने आजवर कधी रजा घेतली नव्हती. अर्ज कसा भरायचा तेही त्याला माहीत नव्हतं. नाव, हुद्दा, किती दिवस, हे त्याने विचारत विचारत लिहिलं. मग रजेचं कारण या रकान्याशी तो अडला.

"आठे काय लिखतस, मास्तर?"

"जे असेल ते."

"लोके काय लिखतस?"

मी त्याला सांगितलं. त्याने ते वळणदार अक्षरात, जरा मोठंच लिहिलं, अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि दोनची जीप गाठायला निघून गेला. मी तो रजिस्टरमध्ये चढवला. घरगुती कारण. ते दोन शब्द लिहिताना माझा हात सावकाश चालला, कारण गेल्या दीड वर्षात मीही बऱ्याच रजा घेतल्या होत्या, आणि माझ्या एकाही अर्जावर मला ते कारण लिहिता आलं नव्हतं.